पुलाच्या मध्यापर्यंत ये

पुलावरचं तपासणी नाकं,
मंगळवार, १ ऑक्टोबर २०१९

प्रिय कबुघो,

बाजाराच्या बायकांकडून तुझा निरोप मिळाला. शुक्रवारपर्यंत तुझा थेंबो घरी आला नाही तर तू दिराला आणि त्याच्या माणसांना घेऊन पुलावर येणार आणि माझं उरलेलं छप्परही जाळणार. म्हणून हे पत्र लिहिते आहे, एरवी लिहिलं नसतं. फोन तू उचलत नाहीस, आणि जे सांगायचं आहे ते मासळी विकणाऱ्यांच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचावं हे मला पटत नाही.

आधी रीतीचं. मी बरी आहे. बरगडी अजून दुखते, पण श्वास नीट घेता येतो. तू लस घेतलीस असं पलीकडच्या नर्सकडून कळलं. ताप, उलट्या, अंगदुखी असं काही नाही ना? आईला आंघोळ तूच घातली असणार. हे मी विचारत नाही, मला माहीत आहे. इकडे कॉफी लाल व्हायला लागली. बाबांच्या मळ्यात यंदा तोडणीला माणूस मिळणार नाही, कारण भावकीतलं कोणी माझ्याशी बोलत नाही. चर्चमध्ये मी बसते तो बाक रिकामा होतो. चांगलं ऐसपैस बसायला मिळतं.

थेंबो जिवंत आहे. हे वर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. त्याला इबोला झालेला नाही. शुक्रवारी त्याची वेगळं ठेवण्याची तीन आठवड्यांची मुदत संपते आणि शुक्रवारीच मी त्याला सोडणार आहे. तुझ्या धमकीमुळे नव्हे. तू कुत्रं जरी पाठवलं नसतंस तरी शुक्रवारीच सोडला असता, आणि तू सगळं गाव घेऊन आलीस तरी गुरुवारी सोडणार नाही.

पण तो आला होता तसा परत येत नाही. ते पुढे लिहिते. आधी त्या दिवशी काय झालं ते माझ्याकडून ऐक. तुझ्यापर्यंत पोचलेल्या हकिकतीत मी आईला पोत्यात भरून सरकारच्या हवाली केलं एवढंच आहे, असं दिसतं.

बाजाराचा दिवस होता. सकाळपासून पुलावर रांग. टेबल या टोकाला, शेवटच्या फळ्यांवरच मांडलेलं असतं. आधी हात धुवायचे, मग ताप मोजायचा, मग दोरी खाली. ताप मोजायचं पिस्तूल मसेरेकाच्या हातात होतं. मसेरेका तुला आठवेल, चर्चच्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून केस कापायचा तो. इबोलाच्या भीतीने लोक डोकं कुणाच्या हातात देईनात तेव्हा मी त्याला नाक्यावर घेतलं.

"मान पुढे कर बाई, गोळी लागत नाही," तो एका केळीवालीला म्हणत होता.

"तुझा हात थरथरतोय. कालची उतरली नाही वाटतं."

"थरथरला तरी नेम चुकत नाही. लग्न झालंय का तुझं?"

"तीनदा. आता चौथा न्हावी नको."

मी त्यांच्याकडे पाठ करून ब्लीचिंग पावडर कालवत होते. नाक्यावर दोन प्रकारचं पाणी असतं. हात धुवायचं फिकं, आणि बूट, सांडलेलं रक्त, प्रेतं यांच्यासाठी तिखट. त्या दिवशी तिखट पाणी संपलं होतं. बादलीत पावडर ओतली होती, वर थोडंसंच पाणी. नीट ढवळून व्हायचं होतं.

मागे मोटरसायकल आली. इंजिन बंद करून ढकलत आणायची असा नियम आहे, तशीच ती आली. मसेरेकाने विचारलं, "आजीला काय झालंय? उतरव की."

"म्हातारपण, दादा. रस्ता खराब, डोळा लागलाय. उतरवलं तर पुन्हा चढवायला चार माणसं लागतील."

पिस्तुलाचा टिक आवाज आला. मग मसेरेका हसला. "अरे, आजीबाई तर नदीतल्या दगडासारख्या गार. माझी बायको इतक्या थंड डोक्याची असती तर मी केस कापत राहिलो नसतो. जा."

दोरी खाली पडली.

मसेरेकाला बोल लावू नकोस. आकडा वर गेला तर थांबव, असं मीच त्याला शिकवलं होतं. खाली गेला तर काय करायचं ते शिकवलं नव्हतं, कारण मलाही कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही सगळे फक्त ताप शोधत होतो. तुमच्या बेनीपासून इथपर्यंतची सगळी नाकी तुमच्या मोटरसायकलने अशीच पार केली असणार. मेलेल्या माणसाला ताप नसतो. हे तुला सुचलं की मागे बसलेल्या कंबालेला, मला माहीत नाही. ज्याला सुचलं त्याने नीट विचार केला होता.

मोटरसायकलचं चाक फळीवरून मातीवर उतरलं आणि मला आवाज ऐकू आला.

"आजी, पाणी ओलांडलं. आता आपलीच माती."

कबुघो, आपल्या घरात हे वाक्य जिवंत माणसाला कुणी म्हणत नाही. आजोबांना पलीकडून आणलं तेव्हा बाबा त्यांच्या कानाशी वाकून हेच म्हणाले होते. मेलेल्याला सांगावं लागतं, नाही तर तो नदीपाशीच थांबतो. तू सगळं केलंस. आईला काळा चष्मा लावलास, डोक्यावरून शाल घातलीस, कंबालेला मागे बसवून आईला त्याच्या छातीशी कापडाने बांधलंस. फक्त हे एवढं वाक्य गिळायला मुलाला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तरी त्याने गिळलं नसतं. तो गप्प राहिला असता तर आज घरी असता, आई बाबांच्या शेजारी असती, आणि तिला शेवटचं पाहायला आलेल्या भावकीतली किती माणसं मागोमाग गेली असती, ते मला सांगता येत नाही.

मी वळले.

"दोरी वर घे," मी मसेरेकाला म्हणाले.

"बाई, तपासलंय मी."

"वर घे."

थेंबोने मला पाहिलं. मी त्या दिवशी नाक्यावर नसेन असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो अगदी हळू बोलला. "मोठी आई, बाजार भरलाय. ओरडू नकोस. तुझीच आई आहे."

"कुणाची आई आहे ते मला दिसतंय. तिच्यावरचा हात काढ."

"काढला तर पडेल ती."

मी हातमोजे घातलेलेच होते. मसेरेका आणि मी मिळून कापड सोडवलं, आईला ताडपत्रीवर निजवलं. चष्म्याखाली रक्त सुकलं होतं. नाकाखालीही. मी चष्मा परत लावला आणि शिट्टी वाजवली.

तुझ्या निरोपात आणखी एक टोमणा आहे. आईने मला फोन करून 'घेऊन जा' म्हटलं आणि मी नाही म्हणाले, असा. बरोबर आहे. तिला ताप भरला होता आणि मी म्हणाले, तिथल्याच दवाखान्यात जा, नदी ओलांडू नकोस. ती म्हणाली, "तू नाक्यावरची बाई झालीस गं." त्यावर मी काय बोलले ते आता आठवत नाही.

प्रेतं पुरणारं सरकारी पथक कासेसेहून यायचं होतं. भावकी आधी आली. बाजारात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? बालुकू काका पुढे होते, चर्चचा कोट घालून. मागे त्यांची मुलं, पुतणे, आणि ज्यांचा आईशी काही संबंध नाही असेही पुष्कळ. कोयते घरोघर असतात, ते बरोबर आलेच.

"मसिका," काका म्हणाले, "तू कॉलेजात गेलीस तेव्हा आम्ही बकरा कापला होता."

"काका, दोरीमागे उभे राहा."

"माझ्या भावाची बायको उन्हात पडलीय."

"मी सावली केलीय. मागे व्हा."

"तिची जागा भावाच्या शेजारी आहे. खड्डा अर्धा खणूनही झाला. आम्ही तिला धुऊ, रडू, ठेवू. तू तुझं फवारत बस."

"धुवायचं नाही, काका. धुवायला गेलेला घरी जाऊन आणखी चौघांना देईल."

मागून कुणीतरी विचारलं, "एका प्रेतामागे भत्ता किती मिळतो गं?"

एक बाई म्हणाली, "आईचा जास्त असेल."

लोक हसले आणि पहिला दगड आला. तो पाण्याच्या टाकीला लागला. दुसऱ्याने नळ तुटला आणि सगळं स्वच्छ पाणी फळ्यांमधून खाली नदीत गेलं. तंबूला आग लावली. पोलीस एकच होता. त्याने हवेत गोळी झाडली आणि लोक त्याच्याकडे वळल्यावर रस्त्याने पळत सुटला. मसेरेका दोरीचा बांबू आडवा धरून उभा राहिला. "मागे, मागे, मी तुमच्या सगळ्यांची डोकी केली आहेत," असं काहीतरी तो बोलत होता. एक कोयता बांबूवर बसला, दुसरा त्याच्या हातावर. दोन बोटं तुटली. एक फळीवर पडलं, एक फटीतून खाली गेलं. तो खाली बघत राहिला, जणू वस्तरा निसटलाय.

माझ्या पाठीत तंबूचा दांडा बसला. मारणारा काकांचा धाकटा मुलगा. मी गुडघ्यावर आले. त्याने दुसऱ्यांदा मारलं तेव्हा बरगडी मोडल्याचं मला आतून कळलं. आईच्या डोक्याशी जाऊन मी बसले, कारण उभं राहता येत नव्हतं.

काका म्हणाले, "उचला तिला."

तिघे पुढे आले, थेंबो सगळ्यात पुढे. त्याने आईला काखेत हात घालून उचललं, उघड्या हातांनी. तिचं नेसलेलं कापड खालून ओलं झालं होतं. ते त्याच्या हातांना, छातीला लागलं. दुसऱ्याने पाय धरले.

तेव्हा तिखट पाण्याची बादली फेकली गेली. दोघांच्या अंगावर उडालं, एकाच्या तोंडावर बसलं. "विष, विष" असं ओरडत लोक मागे हटले. आई पुन्हा ताडपत्रीवर पडली. त्यानंतर कुणी पुढे आलं नाही. पथक आलं, शिपायांची गाडी आली, आणि आईला आरोग्य केंद्रामागच्या जमिनीत ठेवलं. थडगं नीट बांधलं आहे, नावासकट. शेजारी कंबाले आहे. त्याने आईला छातीशी बांधून आणलं होतं. नवव्या दिवशी त्याला ताप चढला आणि चार दिवसांत तो गेला. थेंबोला मी पहिल्यापासून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दिराला सांग, माणसं घेऊन पुलावर यायच्या आधी ही दोन थडगी शेजारी का आहेत याचा विचार कर.

तीस वर्षं मी नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. अहवालात 'इंजेक्शन दिलं गेलं' असं कुणी लिहिलं की मी विचारायची, कुणी दिलं? आता मीच वर 'बादली फेकली गेली' असं लिहून पुढे निघाले आहे.

बादली मी फेकली. ते अजून पाणी नव्हतं. लापशीसारखी पावडर होती. तोंडावर बसली ती थेंबोच्या. डोळे उघडे होते त्याचे.

नंतर कुणी विचारेल, गर्दीत तुला दिसलं तरी का कोण आहे ते. मला दिसलं. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता आणि "मोठी आई, नको" असं म्हणत होता. मी त्याच्याकडे बघूनच फेकली.

इतकंच असतं तर मी हे पत्र दोन दिवसांपूर्वी पूर्ण केलं असतं.

तो ओरडत नदीकडे धावला. टाकीतलं पाणी गेलं होतं. फिक्या पाण्याच्या बादल्या उलटल्या होत्या. तिथे स्वच्छ पाणी म्हणजे नदीच होती, दहा पावलांवर. त्याच्या हाताला, छातीला आईचं लागलेलं होतं. खालच्या वळणावर बायका पाणी भरत होत्या, मला त्या दिसत होत्या. ज्याला प्रेताचं लागलं त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, असा नियम मीच पाटीवर लिहून लावला होता. मी त्याचा पाय धरला. तो पडला. मी त्याच्या पायांवर बसले, बरगडी मोडलेली असताना, आणि मसेरेकाने एका धड हाताने त्याची मान दाबून धरली. थेंबो हातांनी चिखल ओरबाडत होता, तो चिखल डोळ्यांना लावत होता, आणि "पाणी, मोठी आई, पाणी" असं ओरडत होता. बाजारातली माणसं लांबून बघत होती. त्यांच्यापैकी एकानेही तांब्याभर पाणी आणलं नाही, आणि मी मागितलं तेव्हा माझ्याकडे कोणी यायला तयार नव्हतं. पथकाची गाडी आल्यावर त्यांच्या डब्यातल्या पाण्याने मी त्याचे डोळे धुतले. तोवर फार उशीर झाला होता.

नदीला त्याने काही झालं असतं का? एवढी मोठी नदी, एका माणसाचे हात. डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, "बहुधा नाही." बहुधा. त्या क्षणी मला नियम आठवला, नदी किती मोठी आहे ते आठवलं नाही.

डोळ्यांचा डॉक्टर आणायला मी रोज माणूस धाडला. विलगीकरणात शिरायला कोणी तयार झाला नाही. औषधं मी घालत होते, जितकी मला कळतात तितकी.

पहिले काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एकदा विचारलं, "मोठी आई, तू आहेस का?"

"आहे."

"तू मला ओळखलं होतंस?"

"हो."

तो भिंतीकडे वळून निजला. दिवेलागणीला म्हणाला, "बीन्समध्ये मीठ कमी घालतेस तू. आई घालते तसं घाल." तेव्हापासून बोलतो. मसेरेका दाराबाहेर बसायला येतो. परवा थेंबो त्याला म्हणाला, "मी मोटरसायकल चालवू शकणार नाही, तू वस्तरा धरू शकणार नाहीस. आपण दोघं मिळून एक धंदा काढू." मसेरेका म्हणाला, "काढू. तू गिऱ्हाइकाचं डोकं धर, मी नुसत्या गप्पा मारतो." दोघं हसले. मी भांडी घासत होते, घासत राहिले.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. तशी आई, तसेच हात आणि तशीच बादली समोर आली तर मी पुन्हा फेकेन, कुणाच्याही तोंडावर. नदीबद्दल मला असं सांगता येत नाही. रोज पुलावर उभी असते आणि सांगता येत नाही.

शुक्रवारी माणसं आणू नकोस. दोर आडवा असेल, शिपाई असतील, आणि थेंबोला हाणामारीतून वाट काढता येणार नाही. एकटी ये. पुलाच्या मध्यापर्यंत ये. मीही तेवढीच येईन. मसेरेका तुझा ताप मोजेल, डाव्या हाताने. त्याला बोलू दे. तुला मला मारायचं असेल तर मध्यावर मार, मी हात उचलणार नाही. पण आधी मुलाला पलीकडे पोचव.

तुझी नसले तरी आईची थोरली,
मसिका

सोबत, पुलावर सोपवायचं ते:

थेंबो, तुझा पाचवा. ताप नाही. रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ. उजव्या डोळ्याला दृष्टी नाही. डाव्याला उजेड-अंधार कळतो, तोंडाजवळ धरलेली बोटं दिसतात. हात, पाय, भूक नीट.

डोळ्यांत घालायचं मलम, दोन नळ्या. दिवसातून चारदा. संपलं की मिशनच्या दवाखान्यात मिळेल. मी चिठ्ठी दिली आहे.

कपड्यांचा नवा जोड आणि चपला. अंगावरचे त्याचे जाळले.

मोटरसायकल. धुऊन दिली आहे. आणणारा कुणीतरी दुसरा शोध.

आईचं काही नाही. शाल, चष्मा, बांधलेलं कापड, सगळं तिच्याबरोबर गेलं.

सोपवणारी: मसिका.

घेणारीची सही नको. त्याचा उजवा हात धर. त्या बाजूने त्याला काहीच दिसत नाही, आणि पुलाला कठडा नाही.